एका वर्गाची साठ वर्षे

सहाध्यायांच्या दोन गोष्टी आपल्या परंपरेत लहानपणापासून सांगितल्या जातात. पण त्या शेजारी शेजारी ठेवून आपण क्वचितच पाहतो. पहिली द्रोण आणि द्रुपद यांची. दोघे भरद्वाजांच्या आश्रमात एकत्र शिकले. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला आणि द्रोणाच्या घरी मुलाला दूध मिळण्याची पंचाईत पडली. जुन्या ओळखीच्या भरवशावर द्रोण राजसभेत गेला, तेव्हा सख्य हे बरोबरीच्यांत असते, राजाचे आणि दरिद्र्याचे नसते, एवढे ऐकून त्याला परत फिरावे लागले. त्या एका अपमानातून पुढे काय काय निघाले, हे महाभारताच्या वाचकांना सांगावयास नको. दुसरी गोष्ट कृष्ण-सुदाम्याची. तेथेही गुरुगृह एकच, सांदीपनींचे. तेथेही एक वैभवात आणि दुसरा दारिद्र्यात. पण तेथे मूठभर पोह्यांनी काम भागले.

या दोन्ही गोष्टी विद्यार्थिदशेतल्या नाहीत, प्रपंचात पडल्यानंतरच्या आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एका बाकावर बसतो तोवर मैत्रीला काही खर्च येत नाही. तिची परीक्षा वीस-पंचवीस वर्षांनी होते. तोवर एकाची बढती झालेली असते, दुसऱ्याचा धंदा बसलेला असतो. एक एका पक्षात गेलेला असतो, दुसरा दुसऱ्या. एकाच्या घरी लग्नाची गडबड असते आणि दुसऱ्याच्या घरी माणूस गेलेले असते. अशा वेळी एकमेकांची खबर घ्यायची कोणी, आणि कोणत्या निमित्ताने?

आपल्या समाजाने बहुतेक नात्यांची सोय लावून ठेवली आहे. व्याही, साडू, मेहुणे, भाऊबंद यांना शब्द आहेत, मान आहेत, आहेर आहेत, सुतक-सोयर आहे. लग्नाच्या याद्या करताना त्यांची जागा ठरलेली असते. सहाध्यायाला त्या यादीत ठरलेली जागा नाही. बोलावले तर तो आनंदाने येतो. न बोलावले तर त्याला रुसण्याचा अधिकार नाही. ज्या नात्याला रुसण्याचा अधिकार नसतो, ते भांडण न होताच संपते. समजा, काही माणसांनी मिळून या नात्यालाही एक रीत घालून दिली आणि ती जन्मभर पाळली, तर काय होईल? याचे उत्तर तर्काने देण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या एका वर्गाने ही गोष्ट साठ वर्षे करून पाहिली आहे. हार्वर्ड कॉलेजातून १८२९ साली बाहेर पडलेल्या त्या वर्गाची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

प्रथम 'वर्ग' या शब्दाचा तेथला अर्थ पाहिला पाहिजे. बॉस्टन शहराला लागून असलेल्या केंब्रिज गावचे हार्वर्ड कॉलेज १६३६ साली स्थापन झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे विद्यार्थ्याला विषय निवडण्यास फारसा वाव नसे. ग्रीक, लॅटिन, गणित, तर्क हे सर्वांनी सारखेच घोकायचे. एका वर्षी दाखल झालेली मुले चार वर्षे त्याच सोबत्यांबरोबर, त्याच गुरूंपुढे धडा म्हणून दाखवीत. कोण हुशार, कोण आळशी, कोणाचा तोतरेपणा केव्हा सुटला, हे सर्वांना ठाऊक असे. ऐच्छिक विषयांची मोठी मोकळीक पुढे चार्ल्स एलियट अध्यक्ष झाल्यावर, म्हणजे १८६९ नंतर आली. त्यापूर्वीचा वर्ग म्हणजे नुसती परीक्षेची यादी नव्हती. आपल्याकडच्या एखाद्या आळीसारखी ती एक वस्ती होती. म्हणून तेथे माणसाची ओळख त्याच्या वर्गाच्या सालाने देण्याचा प्रघात पडला. वर्ग सुटताना एक चिटणीस नेमायचा, त्याने सर्वांचे पत्ते, लग्ने, मुले, हुद्दे आणि मृत्यू यांची नोंद ठेवायची, आणि ठराविक वर्षांनी परिपत्रक धाडून विचारायचे की, बाबांनो, तुमचे काय चालले आहे?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. १८३७ च्या वर्गाच्या चिटणिसाने दहा वर्षांनी, १८४७ साली, असेच पत्र धाडले. त्या वर्गात हेन्री डेव्हिड थोरो होता. वॉल्डन तळ्याकाठच्या आपल्या झोपडीतला मुक्काम त्याने नुकताच, त्याच सप्टेंबर महिन्यात हलविला होता. वय तीस, लग्न नाही, नाव घेण्याजोगा हुद्दा नाही. त्याने उत्तर धाडले. आपला धंदा एक नाही, दहा-बारा आहेत, असे सांगून त्याने शाळामास्तर, मोजणीदार, माळी, शेतकरी, रंगारी, सुतार, गवंडी, रोजंदार मजूर, पेन्सिली करणारा, लेखक अशी मोठी यादीच दिली. आणि वर्गाने आपल्याला मदतीस पात्र असा गरीब समजू नये, उलट कोणाला पैशाची अडचण असेल तर पैशापेक्षा मोलाचा सल्ला आपण देऊ, अशी पुस्तीही जोडली. या उत्तरात थट्टा आहे. पण थट्टेच्या खाली एक बोच आहे. दहा वर्षांनी वर्गाचे पत्र येते तेव्हा प्रत्येक जण क्षणभर द्रोण होतो आणि समोर द्रुपदाची सभा भरली आहे असे त्याला वाटते. थोरोने त्या सभेत मान ताठ ठेवली. परंतु असे उत्तर लिहिण्याची हिंमत न होऊन ज्यांनी परिपत्रक टेबलाच्या खणात सारले असेल, असे लोक प्रत्येक वर्गात असतात. वर्ग तुटतो तो बहुधा तेथून.

आता आपल्या मुख्य वर्गाकडे वळू. १८२९ साली हार्वर्डमधून सुमारे साठ तरुण पदवी घेऊन बाहेर पडले. बहुतेकांचा जन्म १८०८ ते १८१० यांमधला. त्यांतल्या काहींची नावे पुढे देशभर झाली. ऑलिव्हर वेंडेल होम्स हे वैद्य आणि कवी. बाळंतज्वर हा सुइणींच्या व डॉक्टरांच्या हातून एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जातो, हे त्यांनी १८४३ साली मांडले आणि त्याबद्दल मोठमोठ्या वैद्यांचा रोष पत्करला. बेंजामिन पर्स हे आपल्या काळचे अमेरिकेतले अग्रगण्य गणिती. बेंजामिन कर्टिस १८५१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. जॉर्ज बिगलो १८६० साली मॅसॅच्युसेट्स राज्याचे सरन्यायाधीश झाले. जेम्स फ्रीमन क्लार्क आणि विल्यम हेन्री चॅनिंग हे उदारमतवादी धर्मोपदेशक. सॅम्युएल फ्रान्सिस स्मिथ यांनी पदवीनंतर दोनच वर्षांनी, विद्यार्थिदशेतच, एक देशगीत लिहिले आणि ते अमेरिकेतल्या शाळाशाळांतून गाइले जाऊ लागले. आणि सॅम्युएल मे. हे लेस्टर गावचे धर्मोपदेशक. यांचे नाव फारसे कोणी ऐकलेले नसते. या वर्गाचे चिटणीस ते होते.

पदवीनंतरची पहिली वीस वर्षे या लोकांची जशी सर्वांची जातात तशी गेली. कोणी कायदा सोडून वैद्यकाकडे वळला, कोणी पॅरिसला जाऊन आला, कोणी पश्चिमेकडे केंटकीत जाऊन मासिक चालविले आणि परत आला. वयाच्या चाळिशीच्या सुमारास मात्र या वर्गात एक गोष्ट घडली. दरवर्षी जानेवारीत बॉस्टनमध्ये वर्गाचे भोजन होई. १८५१ च्या भोजनात होम्स यांनी वर्गासाठी म्हणून एक कविता वाचली. दुसऱ्या वर्षी दुसरी. असे करता करता १८८९ पर्यंत बहुतेक दरवर्षी त्यांनी आपल्या वर्गासाठी कविता केली. एकाच श्रोतृवर्गासाठी, एकाच निमित्ताने, एकोणचाळीस वर्षे लिहिणारा कवी जगाच्या वाङ्मयात विरळाच.

या कविता सगळ्याच थोर आहेत असे नाही. त्यांचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. क्रमाने वाचल्या तर एका पिढीचे उतारवय त्यांत महिन्याच्या जमाखर्चासारखे उमटलेले दिसते. प्रारंभी विनोद आणि पेले आहेत, मग पांढऱ्या केसांची थट्टा, मग चष्मे, मग मधल्या रिकाम्या खुर्च्या. काही वर्षांच्या कवितेचे शीर्षक म्हणजे नुसती गेलेल्या मित्राची आद्याक्षरे. १८७३ साली अशी तीन नावांची आद्याक्षरे एका शीर्षकात आली. बाहेरच्या वाचकाला ती अक्षरे मुकी वाटतील. टेबलाभोवतीच्या माणसांना ती पुरेशी होती.

यांतली सर्वांत गाजलेली कविता १८५९ ची. तिची कल्पना गमतीची आहे. या मुलांच्या घोळक्यात कोणी म्हातारा शिरला आहे काय, असेल तर त्याला बाहेर काढा, अशी तिची सुरुवात. मग कवी एकेकाकडे बोट दाखवितो. याला आम्ही डॉक्टर म्हणतो, त्याला जज्ज म्हणतो, हा सभापती, तो नगराध्यक्ष. पण परक्यांनो, फसू नका, ही आम्ही एकमेकांना ठेवलेली टोपणनावे आहेत, खरे म्हणजे आम्ही सगळे वीस वर्षांचे आहोत! त्या टेबलाशी खरोखरच एक सरन्यायाधीशपदाच्या उंबरठ्यावरचा न्यायाधीश होता, खरोखरच एक माजी नगराध्यक्ष होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या थट्टेतला शहाणपणा दिसतो. द्रुपदाने राजेपण खरे धरले आणि आश्रम खोटा ठरविला. या माणसांनी वर्षातून एका रात्रीपुरता आश्रम खरा धरला आणि हुद्दे खोटे ठरविले.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, सुखवस्तू माणसांनी वर्षातून एकदा जेवावे आणि तरुणपणाच्या आठवणी काढाव्या, यात इतिहास तो कोणता? तो आता येतो. ही भोजने चालू होती ती वर्षे अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत भयंकर वर्षे होत. गुलामगिरीच्या प्रश्नावर तो देश दुभंगत होता, आणि हा वर्ग त्यापासून अलिप्त नव्हता. दुहीची प्रत्येक बाजू या वर्गाच्या यादीत हजर होती.

चिटणीस मे यांच्यापासून प्रारंभ करू. ते १८४७ पासून १८६५ पर्यंत मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचे मुख्य कार्यवाह होते. गावोगाव सभा भरविणे, व्याख्याते धाडणे, वर्गण्या गोळा करणे आणि शिव्या खाणे हे त्यांचे रोजचे काम. १८५० साली पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत धाडण्याचा कडक कायदा झाला. त्या कायद्याखाली कोण कोण पकडले गेले, कोणाचे काय झाले, याची टिपणे जमवून मे यांनी १८५६ साली पुस्तिका काढली. वर्गाच्या नोंदी ठेवणारा हात आणि या बळींच्या नोंदी ठेवणारा हात एकच होता.

दुसऱ्या बाजूस कर्टिस. १८३६ साली मेड नावाच्या सहा वर्षांच्या गुलाम मुलीला तिची मालकीण लुइझियानातून बॉस्टनला घेऊन आली, तेव्हा मुलीला ताब्यात ठेवण्याचा मालकिणीचा हक्क आहे, असा युक्तिवाद करणारे वकील म्हणजे हे कर्टिस. तो खटला ते हरले आणि मुलगी मोकळी झाली. १८५० च्या कायद्याचेही ते समर्थक होते. परंतु ६ मार्च १८५७ रोजी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, काळ्या वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असा निर्णय दिला, तेव्हा विरुद्ध मत नोंदविणाऱ्या दोघा न्यायमूर्तींपैकी एक कर्टिस होते. राज्यघटना मान्य झाली तेव्हा पाच राज्यांत स्वतंत्र काळ्या नागरिकांना मताचा अधिकार होता, हे त्यांनी पुराव्याने दाखविले, आणि त्याच वर्षी न्यायासनाचा राजीनामा दिला. येथे त्यांची कथा संपली असती तर ती सोपी झाली असती. १८६२ साली लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला, तेव्हा अध्यक्षाला असा अधिकार नाही म्हणून त्याविरुद्ध पुस्तिका लिहिणारेही हेच कर्टिस. माणूस एका खटल्यात मावत नाही. त्याला पुरता ओळखावयाचा तर वर्षानुवर्षे त्याची खबर ठेवावी लागते.

होम्स या दोहोंच्या मध्ये होते, आणि तेथे ते बरेच अवघडलेले होते. जहाल सुधारकांचा त्यांना कंटाळा होता. १८५५ साली न्यूयॉर्कच्या एका समारंभातील भाषणात त्यांनी गुलामगिरीविरोधी मंडळींवर टीका केली आणि त्या मंडळींचा राग ओढवून घेतला. पर्स यांची दक्षिणेकडे मैत्री होती आणि युद्धापूर्वी त्यांचा कल दक्षिणेच्या बाजूस होता. क्लार्क आणि चॅनिंग उघड उघड गुलामगिरीचे शत्रू. एकाच वर्गातल्या माणसांचे हे पक्ष आहेत. आणि त्या काळी या प्रश्नावरून सख्ख्या भावांत बोलणे बंद झालेली उदाहरणे तेथे कमी नाहीत.

आता १८५९ ची ती कविता पुन्हा पाहा. शेवटाकडे कवी एका हसणाऱ्या मुलाकडे बोट दाखवितो. हा नुसता गमत्या आहे असे तुम्हाला वाटेल, पण त्याने केलेल्या चांगुलपणाने देवदूतही हसतात आणि त्याला ओळखणारा गरीब माणूस सर्वांत मोठ्याने हसतो, असा त्या कडव्याचा आशय आहे. हे कडवे सॅम्युएल मे यांना उद्देशून आहे असे मानतात. ज्या चळवळीवर चारच वर्षांपूर्वी होम्स यांनी भर सभेत टीका केली, त्या चळवळीच्या कार्यवाहाचे हे वर्णन आहे. त्याच कवितेत कर्टिस यांच्या बुद्धीचीही स्तुती आहे. मत बदलल्याची खूण येथे नाही. पण माणसाला त्याच्या पक्षाहून मोठा पाहण्याची खूण आहे, आणि ती वर्षातून एकदा समोरासमोर बसल्यावाचून येत नाही.

पुढची दोन वर्षे तर कसोटीची. लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना राज्य फुटून निघाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ जानेवारी १८६१ ला, या वर्गासाठी होम्स यांनी लिहिलेली कविता उत्तरेच्या एकनिष्ठेची आहे. एप्रिलात युद्ध पेटले. होम्स यांचा थोरला मुलगा, पुढे सर्वोच्च न्यायालयाचा विख्यात न्यायमूर्ती झालेला, विशीतच सैन्यात गेला आणि तीनदा जखमी झाला. सप्टेंबर १८६२ मध्ये ॲन्टीटमच्या लढाईत त्याच्या मानेतून गोळी आरपार गेल्याची तार रात्री घरी आली. बाप त्याला शोधायला निघाला. इस्पितळे आणि गावे पालथी घालीत कित्येक दिवस हिंडला, आणि अखेर हॅरिसबर्ग येथे एका आगगाडीच्या डब्यात मुलगा सापडला. जहाल मंडळींना कंटाळणारा हा गृहस्थ आता स्वतः त्या युद्धाचा धनी झाला होता. पन्नाशीत मित्राला कळवायची बातमी अशीही असते.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्याने त्या अन्यायाला कायद्याचा आधार देणाऱ्याबरोबर एका यादीत राहावे, त्याच्या मुलाबाळांची खबर ठेवावी, हे बरोबर आहे काय? की हा सभ्यपणाच्या पांघरुणाखालचा पळपुटेपणा? आमचे मत असे आहे. मे यांनी वर्गासाठी आपले काम एक दिवसही सोडले नाही. गुलामांची सुटका होईपर्यंत ते संस्थेच्या कचेरीत होते. भोजनाचे निमित्त करून त्यांनी कोणाला उपदेश केला नसेलही. परंतु त्यांच्या तेथे असण्यातच एक गोष्ट होती. या चळवळीतले लोक माथेफिरू आहेत असे ज्यांना वाटे, त्यांना आपल्याच वर्गातला तो हसरा मुलगा माथेफिरू आहे असे म्हणणे कठीण झाले असले पाहिजे. मैत्री हा मतपरिवर्तनाचा उपाय नव्हे. पण शत्रूचे चित्र रंगविताना तिच्यामुळे हात थोडा थबकतो, आणि फुटलेल्या देशात ही गोष्ट लहान नाही.

तरीही या टेबलाला भिंती होत्या, हे सांगितल्याशिवाय हकीकत पुरी होणार नाही. त्या भोजनाला स्त्री नव्हती, कारण कॉलेजातच नव्हती. काळा माणूस नव्हता. हार्वर्ड कॉलेजाची पदवी पहिल्या काळ्या विद्यार्थ्याला मिळाली ती १८७० साली. खुद्द होम्स १८५० साली वैद्यक शाखेचे प्रमुख असताना तीन काळ्या विद्यार्थ्यांना आणि हॅरिएट हंट या स्त्रीला शिकण्यास परवानगी देण्यात आली होती. गोऱ्या विद्यार्थ्यांनी गिल्ला केला, तेव्हा परवानगी टिकली नाही. हंट यांनी आपला अर्ज मागे घेतला आणि त्या तिघांना पुढल्या सत्राला येऊ नका असे कळविण्यात आले. सहाध्यायी होण्याचाच अधिकार ज्यांना नाकारला गेला, त्यांना साठ वर्षे खबर घेणारे मित्र कोठून मिळणार? मैत्रीचा इतिहास लिहिताना दाराबाहेर राहिलेल्यांची ओळही लिहिली पाहिजे.

मग यादी आखूड होऊ लागली. १८७४ मध्ये कर्टिस गेले, १८७८ मध्ये बिगलो, १८८० मध्ये पर्स, १८८४ मध्ये चॅनिंग, १८८८ मध्ये क्लार्क. पुढल्या जानेवारीत, १८८९ साली, होम्स यांनी शेवटची वर्गकविता वाचली आणि पडदा टाकला. १८९० च्या भोजनाला तिघेच आले: स्मिथ, होम्स आणि मे. त्या दिवशी कविता झाली नाही. फार बोलणेही झाले नाही. डोळे मात्र भरून आल्यासारखे झाले, असे मे यांनी मागाहून लिहिले आहे. त्यानंतर हॉटेलातले भोजन बंद झाले आणि उरलेले चार-दोन जण होम्स यांच्या घरी बसून गप्पा मारीत. होम्स १८९४ साली गेले, स्मिथ १८९५ साली, आणि मे १८९९ साली.

या दूरच्या वर्गाचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. १८५७ पासून पुढची काही वर्षे, पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपास आलेल्या पुण्याच्या कॉलेजचे प्राचार्य एडविन आर्नल्ड होते. बुद्धचरित्रावर 'लाइट ऑफ एशिया' हे काव्य लिहून आणि भगवद्गीता इंग्रजीत उतरवून ते पुढे प्रसिद्ध झाले. या वर्गातले चॅनिंग पुढे इंग्लंडात स्थायिक झाले, आणि त्यांची कन्या आर्नल्ड यांची दुसरी पत्नी. धागा बारीक आहे. पण तो धरून आपल्याकडे वळण्यास हरकत नाही.

ड्रेड स्कॉटचा निकाल लागला त्याच वर्षी, जुलै १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. या चौघांनी भोजनाचा दिवस ठरविला नव्हता, चिटणीस नेमला नव्हता. त्यांना एकत्र ठेवले ते कामाने. रानडे न्यायखात्यात, भांडारकर संस्कृताच्या अध्यापनात, मोडक एल्फिन्स्टन हायस्कुलात, वागळे वकिलीत. पण प्रार्थना समाजाच्या आणि सुधारणेच्या कामात त्यांची नावे पुन्हा पुन्हा शेजारी येतात. १८९३ साली रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि त्याच वर्षी भांडारकर विद्यापीठाचे कुलगुरू. वसंतऋतूत शहरवासीयांनी एकत्र जमून व्याख्याने ऐकावी ही पुण्याची प्रथा १८७५ साली सुरू झाली, ती यांतल्याच रानड्यांच्या पुढाकाराने. आपण आज येथे बसलो आहोत त्याचे मूळ तेथे आहे.

कामाची मैत्री ही आपल्याकडची श्रेष्ठ मैत्री होय. पण तिच्यात एक जोखीम असते. काम दुभंगले की मैत्रीला उभे राहण्यास दुसरी जागा उरत नाही. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजात भेटले. सरकारी नोकरी न करता शिक्षणाला आयुष्य वाहावयाचे, हा संकल्प त्यांनी तेथेच केला. शाळा, वर्तमानपत्रे, तुरुंगातले १८८२ मधले शंभर दिवस, सगळे एकत्र. पुढे सामाजिक सुधारणेवरून मते फुटली; आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, आणि दोन पत्रांतून दोन मित्र एकमेकांवर लिहू लागले. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे अडतीस होते. 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. त्या दोघांमध्ये मतांची चूक कोणाची होती, हा येथे विषय नाही. आम्हांस एवढेच वाटते की, त्या सात वर्षांत, जेथे 'केसरी' नाही आणि 'सुधारक'ही नाही, फक्त डेक्कन कॉलेजच्या टेकडीवरची दोन मुले आहेत, असा वर्षातला एखादा ठरलेला दिवस त्यांच्या वाट्याला यावयास हवा होता. १८२९ च्या वर्गापाशी जे होते आणि आपल्या थोरांपाशी नव्हते, ते एवढेच.

म्हणून कामाच्या मैत्रीला दिवसाची मैत्री जोडावी लागते. तिला फार काही लागत नाही. एक ठरलेला दिवस, जो कोणाच्या सोयीसाठी हलत नाही. एक वही. आणि ती लिहिणारा एक माणूस, ज्याला आपल्या मतांपेक्षा यादीतल्या नावांची काळजी अधिक आहे. होम्स यांच्या कविता सर्वांना दिसतात, पण त्या वर्गाचा कणा मे होते. आज खबर पोचावयास क्षणही लागत नाही. हातातल्या फोनवर जुन्या वर्गाचे सुप्रभात रोज येते. पण कोणाची नोकरी गेली, कोणाची बायको अंथरुणाला खिळली, कोणाने आपण होऊन बोलणे सोडले, हे त्या सुप्रभातात येत नाही. ते विचारावे लागते. ज्याच्याकडून उत्तर आले नाही, त्याच्या घरी जावे लागते.

या सभागृहात चाळिशी ओलांडलेले पुष्कळ आहेत. प्रत्येकाच्या वर्गात एखादा सुदामा असेल, ज्याला येण्याचा संकोच आहे. एखादा द्रुपद असेल, ज्याला कोणी अडविलेले नाही. आणि एखादा असा, ज्याच्याशी पक्षावरून बोलणे बंद आहे. त्या तिघांची नावे आज रात्री एका वहीत लिहावी, आणि चिटणीस कोण, असे विचारीत न बसता ते काम आपणच सुरू करावे.